दादाच्या मेंदूचा फोटो

दादाच्या चेहऱ्याचा साचा घेतला तेव्हा मी समोरच उभी होते. पांढऱ्या प्लास्टिकची जाळी गरम पाण्यातून काढली आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून ती त्याच्या तोंडावर ताणून बसवली. ती कडक होईपर्यंत त्याने हलायचं नव्हतं. काढली तेव्हा तिच्यात त्याचं नाक, ओठ, बसलेले गाल, सगळं उमटलं होतं. टेबलावर उताणा ठेवलेल्या त्या चेहऱ्यावरून मी नजर काढून घेतली. दादा मात्र उठून बसला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "काय गं, हिरो दिसतो की नाही?" मी म्हटलं, "गप्प बस." मला अशा वेळी विनोद सुचत नाहीत आणि दुसऱ्याला सुचले की संताप येतो.

हे काही दारू सोडवण्यासाठी चाललं नव्हतं. दारू त्याने आधीच सोडली होती, म्हणजे सोडावी लागली होती. कोपरखैरण्याच्या घरी रक्ताची उलटी झाली, आयसीयूत राहून आला, आणि डिस्चार्जच्या दिवशी लिव्हरच्या डॉक्टरांनी आईला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता थेंबही नको. या वेळी जमलं. परत सुरू झाली तर जमणार नाही." आई नुसती मान हलवत राहिली. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला, दादा परत पितो की नाही. वहिनी त्याच्या कितीतरी आधी मुलीला घेऊन करंजाड्याला भावाकडे निघून गेली होती. तिला मी कधी दोष दिला नाही.

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत त्याला घेऊन जायचो, तिथल्या डॉक्टरांनी या अभ्यासाबद्दल सांगितलं. नवी मुंबईतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात संशोधन चाललं होतं. दारू सोडून काही आठवडे झालेल्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढायचे आणि सेरोटोनिन नावाचं रसायन मेंदूत जिथे जाऊन चिकटतं, त्या जागा मोजायच्या. फोटो काढताना डोकं तसूभरही हलू नये म्हणून ती जाळी. हा उपचार नाही, यातून तुम्हाला काही मिळणार नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. दादाने लगेच हो म्हटलं. तुर्भ्याच्या कंपनीतून काढून टाकल्यापासून त्याला कुणी कशासाठी बोलावलंच नव्हतं.

संशोधन करणारी डॉक्टर तरुण होती आणि तिला समजावून सांगायचा कंटाळा नव्हता. ती म्हणाली, "भिंतीवर कपडे अडकवायच्या खुंट्या असतात ना, तसं समजा. सेरोटोनिन त्या खुंट्यांवर अडकतं. आम्ही इंजेक्शनमधून किंचित किरणोत्सर्गी औषध देतो, तेही जाऊन त्याच खुंट्यांवर बसतं आणि मशीनला दिसतं. कुठल्या भागात खुंट्या जास्त, कुठे कमी, ते कळतं. खूप वर्षं पिणाऱ्यांमध्ये काही ठिकाणी फरक असावा, असं वाटतंय."

दादाने विचारलं, "मॅडम, ह्या खुंट्या माझ्या आधीपासनंच तशा होत्या, का मी पिऊन पिऊन तशा केल्या?"

"तेच तर शोधतोय," ती म्हणाली. "अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

परत येताना रिक्षात तो बाहेर बघत होता. मग म्हणाला, "बाबांच्या पण तशाच असणार." आमचे बाबा याच रस्त्याने गेले होते, याच्याहून कमी वयात. तो पुढे म्हणाला, "म्हणजे मी काय केलंच नाय, असं पण असू शकतं." हे बोलताना त्याचा आवाज इतका हलका झाला होता की मला भीती वाटली. ज्याने काही केलंच नाही, तो काही थांबवणार तरी कसा, असं माझ्या मनात आलं.

मग त्यांनी मलाही विचारलं. एकाच आईबापांची, एकाच घरात वाढलेली, पण न पिणारी भावंडं त्यांना तुलनेसाठी हवी होती. मी सीवूड्सला एकटी राहते, विम्याच्या ऑफिसात नोकरी करते, आणि दारूचा वास आला तरी मला मळमळतं. मी हो म्हटलं, कारण दादा एकटाच त्या मशीनमध्ये जाणार हे मला बघवत नव्हतं. चाळिशी उलटलेल्या अविवाहित बाईला त्यांनी गरोदर आहात का असं विचारलं आणि वर तपासणीही केली. मी म्हटलं, तसा काही चमत्कार झाला असता तर मी पेढे घेऊन आले असते. ती डॉक्टर हसली, पण तपासणी काही टळली नाही.

माझी जाळी टेबलाला खटके लावून घट्ट बसवली तेव्हा मला कळलं, दादाने तो विनोद का केला होता. डोळ्यांसमोर छताचा एक तुकडा, हातात सुई, आणि इंजेक्शन शिशाच्या डबीतून घेऊन येणाऱ्यांची घाई, कारण त्या औषधाचा जोर फार वेळ टिकत नाही म्हणे. मशीन विशेष आवाज करत नव्हतं. ते करतं तर बरं झालं असतं. मी पडल्या पडल्या विचार करत होते की माझ्या डोक्यातही बाबांच्याच खुंट्या निघाल्या तर? मी पीत नाही हे माझं शहाणपण आहे, असं मी आयुष्यभर समजत आले होते. त्या तासाभरात मला त्याची खात्री वाटेनाशी झाली.

दोघांचं झाल्यावर एक दिवस आम्ही काही सह्या करायला गेलो होतो. आई सोबत आली होती, कारण ती कुणाला एकटं सोडत नसे. तिने डॉक्टरकडे हट्टच धरला, पोरांचे फोटो दाखवा. बिचारीने दाखवले. स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन मेंदू, निळे, हिरवे, मध्ये मध्ये लालसर. डॉक्टर म्हणाली, "आजी, हे फक्त बघायला. एकेकट्या फोटोवरून काहीच ठरत नाही. पुष्कळ जणांचे एकत्र करून, हिशेब करून, मग कदाचित काही कळेल. हा रिपोर्ट नाही."

आई चष्मा वर-खाली करत बघत होती. म्हणाली, "दोघांचे सारखेच दिसतत गो."

"डोळ्यांना सारखेच दिसतात," डॉक्टर म्हणाली, "पण त्याचा अर्थ..."

अर्थ आईने ऐकला नाही. तिला हवं ते मिळालं होतं. आमच्या सेक्टरमध्ये एकमेकांच्या घरी भाजीची वाटी जाते तसे रिपोर्ट जातात. कुणाची शुगर, कुणाचा टू-डी इको, आणि सगळ्यांत मोठा शब्द म्हणजे नॉर्मल. नॉर्मल आला की विषय संपला, मिठाई आणा. आईने त्याच दिवशी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. पोराच्या मेंदूचा फोटो काढला, बहिणीचा आणि त्याचा सारखाच निघाला, म्हणजे डोकं ठीक झालं. मी समोर बसून नाही नाही म्हणत होते. तिने मला हाताने गप्प केलं आणि पुढचा नंबर लावला.

मग तिने नवसाचं सांगितलं. आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात. तिथे प्रत्येक वाडीच्या हद्दीवर राखणदार असतो. तो दिसत नाही, पण माणसांना आणि शेताला सांभाळतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि दारू द्यायची, त्याला राखण देणं म्हणतात. बाबा होते तोवर ते जाऊन द्यायचे. ते गेल्यावर आमच्या घरची राखण बंदच पडली, आणि दादाचं जे झालं ते त्यामुळेच, हे आईच्या मनात पक्कं होतं. दादा मशीनमध्ये असताना ती बाहेर बाकावर बसून राखणदाराशी बोलली होती. पोराच्या डोक्यात काही वाईट निघू देऊ नको, तुझा राहिलेला मान देते, त्याच्याच हाताने देते.

"आई," मी म्हटलं, "दारू सुटली म्हणून देवाला दारू?"

"ती दारू न्हय गो," आई म्हणाली. "तो तेचो मान."

हे ती मनापासून बोलत होती. जिने वर्षानुवर्षं माळ्यावरून, पाण्याच्या टाकीमागून, तांदळाच्या डब्यातून बाटल्या शोधून मोरीत ओतल्या, त्या बाईच्या डोक्यात देवाची दारू आणि माणसाची दारू या दोन वेगळ्या वस्तू होत्या. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं. मी आपटलं तरी. दादा म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. मी नुसता उभा राहीन, गावचे काका करतील सगळं. तिचं मन राहील." आणि मला, एवढ्या शिकल्यासवरल्या बाईला, ते पटलं.

गावाहून चुलत काका आले. दादाला लांबचा प्रवास डॉक्टरांनी नको म्हटला होता, त्यावर काकांकडे तोड होती. "गावाक जावक जमत नाय तर हयसूनच देवया. गावच्या दिशेक तोंड करून दिला की तेका पोचता." त्यांनी कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीतून काजूची दारू आणली होती. बाटली पिशवीत, पिशवी देवघराखाली, तरी त्या उग्र, गोडसर वासाने दोन खोल्यांचं घर भरून गेलं. दादा त्या दिवशी सतत बाहेरच्या पायरीवर बसून होता. कोंबडा मागच्या नळाला बांधला होता आणि भलत्या वेळी आरवत होता. शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या, काही कार्य आहे का.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेक्टरच्या टोकाला खाडीकडच्या मोकळ्या जागेत गेलो. आजूबाजूला राहणारे गावचे दोघे-तिघे आले होते, कारण गाऱ्हाण्याला, म्हणजे देवाला घातलेल्या साकड्याला, हुंकार द्यायला माणसं लागतात. ओहोटीचा वास येत होता, आणि वाऱ्यावर कंपन्यांचा तो नेहमीचा आंबट वास. काकांनी दगडाला शेंदूर लावला, नारळ ठेवला आणि दक्षिणेकडे तोंड करून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरू तुझ्या पायाकडसून लांब येवन ऱ्हवला, पण तुका इसारला नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या डोक्यात जा काय वाकडा होता, ता तू सरळ केलंस, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आईचा होता.

कोंबड्याचं झालं. काकांनी दादाच्या हातात बाटली दिली आणि दगडाभोवती धार धरायला सांगितली. त्याने धरली. धार सरळ पडली. मला वाटलं, संपलं. मग काकांनी बाटली परत घेतली, तिचं टोपण भरलं आणि एकेकाच्या हातावर तीर्थ द्यायला सुरुवात केली. हे मला माहीतच नव्हतं. लहानपणी बायकांना आणि पोरींना तिथे उभं करत नसत, त्यामुळे नंतर काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

दादाने हात मागे घेतला. "काका, मला नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अरे, जेची राखण तेणाच तीर्थ घेतल्यान नाय, तर ती पोचली कशी म्हणायची?" काका म्हणाले. "एका टोपणान काय होता?"

"एका टोपणाने तो मरेल!" मी ओरडले. "काय होता काय विचारता? त्याला काय होतं ते आम्ही पाहिलंय, तुम्ही नाही!"

"शुभ कामात मराणाचा नाव काढू नको," आई माझ्यावर कडाडली. एवढं चिडलेलं मी तिला फार कमी वेळा पाहिलं आहे. ती पुढे झाली, काकांच्या हातून बाटली आणि टोपण घेतलं. टोपण काठोकाठ भरलं. मग मऊ आवाजात म्हणाली, "हात कर, बाबू. डोक्याचो रिपोर्ट चांगलो इलो हा तुझो. आता कसली भीती?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो माझी मदत मागतोय. पण त्याच्या डोळ्यांत तसं काही नव्हतं, मला समजावत असल्यासारखा तो बघत होता. म्हणाला, "अगं, तुझ्या-माझ्यात फरक नाही ना? मग तुला एका थेंबाने काय झालं असतं?" आणि त्याने उजवा हात पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं. त्याने ते सोडवून घेतलं, अगदी हळू, रागावून नाही. आईने ओतलं. त्याने ते तोंडात घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला, जसं देवळात करतात तसं. सगळे पुन्हा एकदा व्हय म्हाराजा म्हणाले.

पुढे काहीच झालं नाही, हेच भयंकर होतं. घरी येऊन कोंबड्याचं जेवण झालं. दादा पोटभर जेवला, कितीतरी दिवसांनी काकांशी जुन्या गोष्टी काढून हसला. जेवून हात धुऊन आला तरी बोलता बोलता उजवा तळहात नाकाशी न्यायचा, हुंगायचा आणि खाली ठेवायचा. त्याला स्वतःला ते कळत नसावं. मला दुसरं काही दिसेनासं झालं. तो लिंबं आणायला म्हणून बाहेर गेला तेव्हा मी दारात उभी राहिले. तो लिंबंच घेऊन आला. तोंडाला वास नव्हता. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघलंस? उगाच जीव खातंस तू."

त्यानंतर मी फोन केला की आई म्हणायची, बरा हा, झोपलो हा. रविवारी येऊ का विचारलं की म्हणायची, कशाला दगदग, तूच दमून येतंस. मी दोन-तीन रविवार गेले नाही. मग त्या संशोधनवाल्या डॉक्टरचा फोन आला. पुढच्या तपासणीसाठी दादाला बोलवायचं होतं आणि तो फोन उचलत नव्हता. ती संकोचून म्हणाली, "आमच्याकडे असं होतं तेव्हा बहुतेक वेळा... तुम्ही एकदा बघून याल का?" मी ऑफिसातून तशीच निघाले.

कोपरखैरण्याचं घर भरदुपारी उदबत्त्यांच्या धुराने भरलं होतं. खिडक्या बंद. आईने दार अर्धंच उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा पडला. तेव्हा मला कळलं की तिला सगळं माहीत होतं, आणि ती धूर करून ते झाकत होती, शेजाऱ्यांपासून, माझ्यापासून आणि मला वाटतं राखणदारापासूनही. दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे पाय सुजले होते. मी त्याला वळवलं तर डोळे हळदीसारखे पिवळे. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. आईला फार वाईट बोलले एवढं नक्की, आणि त्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही.

हॉस्पिटलात लिव्हरचे तेच डॉक्टर होते. त्यांनी या वेळी आम्हाला बाजूला घेतलं नाही, तिथेच पलंगाशी उभं राहून फाइल बघितली आणि नर्सला काहीतरी सांगून गेले. दादा मध्येच शुद्धीवर यायचा, मध्येच भलतंच बोलायचा, कंपनीतल्या कुणाला तरी हाका मारायचा. आई त्याच्या उशाशी बसून होती. ती रडत नव्हती. ती एकच वाक्य सारखं पुटपुटत होती, "मी दिलंय. मीच दिलंय माझ्या हातान."

एका सकाळी त्याचं डोकं जरा साफ होतं. त्याने ते ऐकलं. आईचा हात शोधून धरला आणि तुटक तुटक म्हणाला, "आई, तू दिलीस ती देवाची होती. पुढच्या सगळ्या माझ्या."

मला वाटलं आता ती मोकळी होईल. माझा राग त्या क्षणी खरंच वितळला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आईने दादाच्या हातातून आपला हात काढून घेतला, मांडीवर उघडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "पयली माझी होती, बाबू."

त्याचे डोळे उघडे होते आणि त्याने ते ऐकलं होतं. दुपारनंतर तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.